बोर्डावर बसायचं म्हणजे नेमकं करायचं काय? – वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या की आमच्या भागातल्या हेल्थवॉचच्या बोर्डावरची माझी दुसरी टर्म संपली आणि आता मीटिंगच्या आधीच्या शनिवारी कागदांचं बाड घेऊन बसायचं नाही म्हणून बरं वाटतंय, तर त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात: इंग्लंडमध्ये प्रत्येक मोठ्या कौन्सिलच्या हद्दीत एक हेल्थवॉच असतं, सगळी मिळून साधारण दीडशे. जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर), हॉस्पिटल, डेंटिस्ट, केअर होम, घरी येणारे केअरर, या सगळ्यांबद्दल लोकांचं काय म्हणणं आहे ते गोळा करायचं आणि जे हे चालवतात, ज्यांच्या हातात पैसा आहे, त्यांच्यापुढे ते मांडायचं, हे त्याचं काम. पगारी स्टाफ असतो पण अगदी मोजका, आणि त्यांना दिशा द्यायला एक बोर्ड असतं, ते आपल्यासारख्या बिनपगारी माणसांचं. आता प्रश्न घेते.

प्रश्न: ताई, मी बँकेतून रिटायर झालोय. आमच्या इथल्या हेल्थवॉचला बोर्डावर पैशाचं कळणारा माणूस हवाय असं कळलं. मी मेडिकल लाइनचा नाही, ब्लड प्रेशर सोडलं तर मला काही आजारही नाही. माझा तिथे काय उपयोग? आणि उद्या हे अंगाशी येणार नाही ना?

आजार नाही ही काही अपात्रता नाही हो! नियमातच आहे की हेल्थवॉचने महत्त्वाचे निर्णय घेताना त्यात सामान्य माणसं आणि व्हॉलंटियर हवेत, आणि निर्णय कसे घेतो ती पद्धतसुद्धा जाहीर करावी लागते. आमच्या बोर्डावर एक बसड्रायव्हर होते, एक शाळेचं किचन सांभाळणाऱ्या बाई, एक जन्मभर ऑडिट केलेले गृहस्थ, आणि खरं सांगू, सगळ्यात नेमके प्रश्न बसड्रायव्हरचे असायचे. नवीन क्लिनिक कुठे हलवलं म्हटलं की ते पहिल्यांदा विचारायचे, तिथे रविवारी बस जाते का? जात नसायची.

अंगाशी यायचं म्हणाल तर सही करायच्या आधी एकच विचारा, मी ट्रस्टी होणार की सल्लागार? कारण कौन्सिल हे काम कॉन्ट्रॅक्टने देते आणि ते कॉन्ट्रॅक्ट कोणाकडे आहे यावर सगळं ठरतं. काही ठिकाणी हेल्थवॉच हीच एक स्वतंत्र चॅरिटी किंवा कंपनी असते, तिथे बोर्डावरची माणसं कायद्याने ट्रस्टी नाहीतर डायरेक्टर, म्हणजे स्टाफचे पगार, पेन्शन, ऑफिसचं भाडं, उद्या कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला गेलं तर माणसांचं काय करायचं, या सगळ्याला शेवटी तुम्ही जबाबदार. दुसरीकडे एखादी मोठी संस्था आपल्या छत्राखाली हेल्थवॉच चालवते, तिथे कायदेशीर जबाबदारी त्या मोठ्या संस्थेच्या ट्रस्टींची आणि हेल्थवॉचचं बोर्ड हे सल्ला देणारं, म्हणजे कोणत्या विषयावर काम करायचं हे तुम्ही ठरवता पण मॅनेजरला नोकरीवर ठेवणं किंवा काढणं तुमच्या हातात नाही. दोन्ही प्रकार ठीक आहेत. घोळ होतो तो बसलेल्या माणसालाच आपण कोणत्या प्रकारात आहोत ते माहीत नसतं तेव्हा, आणि मी अशी माणसं पाहिलीयत की जी दोन वर्षं ट्रस्टी होती आणि त्यांना वाटत होतं आपण कमिटी मेंबर आहोत.

लिमिटेड कंपनी असेल, किंवा सीआयओ म्हणतात त्या प्रकारची चॅरिटी असेल, तर संस्थेचं देणं सहसा ट्रस्टीच्या घरादारावर येत नाही. आणि प्रामाणिकपणे, नीट लक्ष घालून काम करताना एखादी चूक झाली तर चॅरिट्यांवर देखरेख करणारं चॅरिटी कमिशनही तुम्हाला फासावर लटकवत नाही. न वाचता मान डोलावली तर मात्र कोणी वाचवणार नाही. पगार नाही, पण प्रवासाचा खर्च मिळतो, तो मागायला लाजू नका, कारण तुम्ही नाही मागितलात की ज्याला खरंच गरज आहे तोही मागत नाही.

आणि तुमचा उपयोग म्हणाल तर तुम्ही पहिल्याच मीटिंगमध्ये रिझर्व्हबद्दल विचारा. कॉन्ट्रॅक्ट तीन-चार वर्षांचं असतं, संपलं आणि रिन्यू झालं नाही तर स्टाफची कायदेशीर देणी द्यायला पैसे बाजूला ठेवलेत का? आमच्या बोर्डाला हे सुचायला एक बँकवाला यावा लागला होता.

प्रश्न: माझ्या आईचे हॉस्पिटलमध्ये खूप हाल झाले. ती आता नाहीये. मला वाटतं मी हेल्थवॉचच्या बोर्डावर गेले तर निदान दुसऱ्या कुणावर अशी वेळ येणार नाही. मी अजून रागात आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. जाऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. जा, पण आधी एक काम वेगळं कर. आईच्या बाबतीत जे झालं त्याची तक्रार ही एक गोष्ट आणि बोर्डावरचं काम ही दुसरी, आणि या दोन्ही एकाच पिशवीत घातल्या की दोन्हीचं नुकसान होतं. हेल्थवॉच एकेकट्या केसचा निवाडा करत नाही, ते फक्त वाट दाखवतं. तक्रार घटना घडल्यापासून किंवा तुला कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत करायची असते, त्यामुळे हा कालावधी हातातून जाऊ देऊ नकोस. हॉस्पिटलला लेखी कळव, तीन कामाच्या दिवसांत त्यांनी पोच द्यायला हवी. पत्र लिहायला, मीटिंगला सोबत यायला फुकट ॲडव्होकसी मिळते, ती कौन्सिलने ठेवलेली असते, तिचा पत्ता हेल्थवॉच देईल. हॉस्पिटलच्या उत्तराने समाधान झालं नाही तर पुढे ओम्बड्समन, म्हणजे तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणारं ऑफिस, तेही फुकट.

आता बोर्डाचं. मी स्वतः आले तेव्हा अशीच आले होते. माझ्या मिस्टरांना एका हॉस्पिटलमधून रात्री साडेदहाला डिस्चार्ज दिला, औषधं न देता, आणि घरी कोणी आहे का हे न विचारता, तेव्हा मी लेकीकडे होते. त्यानंतर मी बोर्डावर गेले आणि पहिले सहा महिने विषय कोणताही असो, मी डिस्चार्जवर यायचे. डेंटिस्टची चर्चा चालू असताना पण! शेवटी चेअर होत्या त्यांनी चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारलं, तुमचं मला पाठ झालंय, पण बाकीच्यांचं काय म्हणणं आहे, ते काढू या का? मला तेव्हा चेहऱ्यावर पाणी मारल्यासारखं झालं. मग आम्ही खरंच डिस्चार्जचा विषय घेतला, व्हॉलंटियर घरी गेलेल्या लोकांशी बोलले, आणि माझा जो मुद्दा होता, रात्रीची वेळ, तो लोकांच्या यादीत बराच खाली निघाला. लोकांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तर घरी गेल्यावर काही बिनसलं तर फोन कोणाला करायचा हे कोणीच सांगत नाही. माझ्या बाबतीतही तेच झालं होतं की, पण मी रागाच्या भरात साडेदहालाच धरून बसले होते.

राग असू दे, तो गेला तर माणूस नुसता मिनिट्स वाचणारा होतो. पण बोर्डावर बसल्यावर तू तुझ्या आईची मुलगी असतेसच, शिवाय ज्या आजींना मुलगीच नाही त्यांच्याही वतीने बसलेली असतेस. तक्रारीचं काय ते मार्गी लागलं की मग अर्ज कर. सहा महिने थांबलीस तरी चालेल.

प्रश्न: मी वर्षभर बोर्डावर आहे. मीटिंग दोन तास, कागद नव्वद पानं, मॅनेजर प्रेझेंटेशन करतात, आम्ही नंदीबैलासारखे माना डोलावतो, चेअर म्हणतात छान काम चाललंय, संपलं. नेमकं विचारायचं काय असतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण नव्वद टक्के बोर्डं, आमच्यासकट, इथेच अडकतात. मॅनेजर चांगली असेल तर जास्तच अडकतात, कारण प्रश्न विचारला तर तिच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तसं नसतं. चांगल्या मॅनेजरला प्रश्न हवे असतात, मला आमच्या मॅनेजरने एकदा स्पष्टच सांगितलं की तुम्ही लोक सगळं पास करता तेव्हा मला रात्री झोप येत नाही.

मी दोनच गोष्टी विचारायला शिकले. पहिली, हे नेमकं कोणाचं म्हणणं आहे? सर्वे आला, त्यात लोक जीपीवर बऱ्यापैकी खूश आहेत असं दिसलं, सगळे आनंदात. मग आमच्यातल्या एकाने विचारलं की सर्वे ऑनलाइन होता ना, आणि इंग्रजीत, मग ज्यांना इंग्रजी येत नाही ते खूश आहेत हे आपण कशावरून म्हणतोय? सगळे गप्प. मग स्टाफ बाहेर पडला, फूड बँकेच्या रांगेत उभा राहिला, देवळात, मशिदीत, गुरुद्वारात गेला, रात्रपाळीवाल्यांना सकाळी सातला गाठलं, आणि मग दुसरंच चित्र निघालं. आजीला दवाखान्यात नेलंय आणि दुभाष्या म्हणून बारा वर्षांचा नातू, आणि आजीला बाईमाणसाचा त्रास, ती त्या पोरापुढे काय सांगणार? तिने पोट दुखतंय एवढंच सांगितलं. आपल्या वाचकांपैकी किती जणांच्या घरी हे झालंय ते मला माहीत आहे, आणि म्हणून परत सांगते: जीपीकडे प्रोफेशनल दुभाषी फुकट मिळायला हवा, घरच्यांवर, त्यातून लहान मुलांवर, ते काम टाकू नये असं एनएचएस इंग्लंडने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या मुख्य संस्थेने, २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलेलं आहे. अपॉइंटमेंट घेतानाच मागा.

दुसरी गोष्ट, पुढे काय झालं? आमचा दुभाष्यांवरचा रिपोर्ट गेला. हेल्थवॉचने रिपोर्ट आणि शिफारशी लेखी पाठवल्या की समोरच्याने २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नुसतं मिळालं म्हणून नाही, तर काय करणार आहोत किंवा करणार नसू तर का नाही, तेही सांगायचं. हे बऱ्याच बोर्ड मेंबरना माहीतच नसतं, त्यामुळे कोणी तारीख मोजत नाही. आम्हाला उत्तरं आली, सगळी गोड, सोय आहे, स्टाफला सूचना दिल्यात वगैरे. बोर्डाने टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्या बसड्रायव्हरनी म्हटलं, सहा महिन्यांनी फोन करून बघू या. केले. बऱ्याच ठिकाणी रिसेप्शनवर तेच उत्तर, येताना कोणाला तरी घेऊन या! मग दुसरं पत्र, मग मीटिंग, आणि मग कुठे हललं थोडं. पूर्ण नाही, थोडं.

म्हणून आम्ही एक वही केली, म्हणजे एक्सेलची शीटच पण आम्ही तिला वही म्हणायचो. शिफारस काय, कोणाला पाठवली, उत्तर कधी आलं, सहा महिन्यांनी खरंच बदललं का. प्रत्येक मीटिंगमध्ये पहिला विषय ही वही. नव्वद पानांमधली सत्तर पानं त्यानंतर आपोआप कमी झाली, कारण कोणते कार्यक्रम केले आणि किती पत्रकं वाटली याच्या याद्या कोणी मागेनाच.

अजून एक, आणि हे जरा अवघड आहे. काय करायचं नाही ते ठरवा. चार माणसांच्या स्टाफने मेंटल हेल्थ पण बघायचं, डेंटिस्ट पण, केअर होम पण, मुलांची ऑटिझमची वेटिंग लिस्ट पण, असं होत नाही. बोर्डाने वर्षाला तीन विषय निवडायचे आणि चौथ्याला तोंडावर नाही म्हणायचं. प्रत्येक मेंबर आपलंच घोडं पुढे दामटणार (मीही दामटलं, वर सांगितलंच), तेव्हा निवडायचं कशावर हे आधी लिहून ठेवा: किती लोक बोलले, ज्यांचं कोणी ऐकत नाही ते त्यात आहेत का, आणि आपण बोललो तर काही हलण्याची शक्यता आहे का. तिसरं विसरलात तर नुसतं रडगाणं होतं.

प्रश्न: आम्ही कौन्सिलच्या होम केअरवर रिपोर्ट केला, बरंच वाईट निघालं. छापायच्या आधी कौन्सिलच्या एका अधिकाऱ्याचा आमच्या चेअरना फोन आला की भाषा जरा मवाळ करा, कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षी रिन्यू व्हायचंय. आम्हाला पैसे त्यांचेच. काय करावं?

हे दुखणं सगळीकडचं आहे, रचनेतच आहे ते. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तोच पैसे देणार, आणि ते पैसे कौन्सिलच्या बजेटमध्ये वेगळे राखूनही ठेवलेले नसतात, त्यामुळे २०१३ला सुरुवात झाली तेव्हापेक्षा ते बरेच आटलेत. म्हणून तर बोर्ड लागतं. मॅनेजरने नाही म्हटलं तर तिची नोकरी आहे, तुमची नाहीये! तुम्ही बिनपगारी आहात याचा एवढा तरी फायदा घ्या.

करायचं असं. रिपोर्ट आधी दाखवणं चूक नाही, आकडा चुकला असेल, एजन्सीचं नाव चुकलं असेल तर ते दुरुस्त करायलाच हवं. पण दुरुस्त्या लेखी मागायच्या, फोनवर नाही. फोन आला की म्हणायचं, जरूर, मेलवर पाठवा, बोर्डापुढे ठेवते. बहुतेक वेळा मेल येतच नाही. आला तर जे चूक आहे ते सुधारायचं, बोचतंय म्हणून कळवलेलं असेल ते तसंच ठेवायचं, आणि कोणतं वाक्य का बदललं ते मिनिट्समध्ये घ्यायचं. चेअरनी एकट्याने हे अंगावर घेऊ नये, दोन मेंबर सोबत असावेत. आणि लक्षात ठेवा, कौन्सिलच्या हेल्थ अँड वेलबीइंग बोर्डावर, जिथे कौन्सिल आणि एनएचएसवाले एकत्र बसतात, हेल्थवॉचची खुर्ची कायद्याने आहे, कोणाच्या मेहेरबानीने नाही, तिथे हा रिपोर्ट तुम्ही मांडू शकता.

आता उलट बाजूही सांगते. काही बोर्डांना भांडायचीच हौस असते आणि तेही तितकंच वाया जाणारं काम. स्टॅफर्डची गोष्ट आठवते का? मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलमध्ये २००५ ते २००९ या काळात पेशंटचे जे हाल झाले, त्यावर रॉबर्ट फ्रान्सिस यांचा मोठा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१३मध्ये आला. त्या वेळी तिथे पेशंटचा आवाज म्हणून आधी एक फोरम होतं, नंतर लिंक नावाचं नेटवर्क आलं, म्हणजे तुमच्या-माझ्या बोर्डांचे पूर्वजच, आणि अहवालात त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून मान खाली जाते. सगळा वेळ आपसातल्या भांडणात, नियमावलीचा कीस काढण्यात गेला, हॉस्पिटलकडे बघायला उरलंच नाही. आवाज उठवला तो जुली बेली या बाईंनी, त्यांची आई २००७मध्ये त्या हॉस्पिटलमध्ये वारली, आणि त्यांनी स्वतःच्या कॅफेत माणसं जमवायला सुरुवात केली. सरकारी फोरम एकीकडे आणि कॅफेतली माणसं दुसरीकडे. मी नवीन मेंबरना हे आवर्जून सांगायचे. पुढे हेच फ्रान्सिस २०१८ला हेल्थवॉच इंग्लंडचे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वरच्या राष्ट्रीय संस्थेचे, चेअर झाले.

तेव्हा रिपोर्ट छापा. पण कोणाला झोडायचं म्हणून नाही, त्यात लोक काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत ठेवा. ‘सेवा निकृष्ट आहे’ हे वाक्य मवाळ करता येतं, ‘केअरर अकरा वाजता येते तोपर्यंत मी ओल्या गादीवर असतो’ हे वाक्य कोण मवाळ करणार?

प्रश्न: माझी बायको फार्मसीत काम करते. मी बोर्डावर बसू शकतो का?

हो. पहिल्याच दिवशी लिहून द्या, इंटरेस्टचं रजिस्टर असतं, आणि फार्मसीचा विषय निघाला की चेअरना सांगून गप्प बसा नाहीतर खोलीबाहेर जा. सार्वजनिक कामाची सात तत्त्वं १९९५मध्ये लॉर्ड नोलन यांच्या कमिटीने घालून दिली, त्यातून हेच येतं, बाकी विशेष काही नाही. सांगितलेलं नातं कधीच अडचणीचं ठरत नाही, लपवलेलं ठरतं. अगदी तुमचा जीपी तुमचा मित्र असला तरी सांगा.

प्रश्न: आम्हाला केअर होममध्ये जाऊन बघायचा अधिकार आहे म्हणतात. म्हणजे मी बोर्ड मेंबर म्हणून कधीही आत शिरू शकते का? एका होमबद्दल बरंच ऐकलंय.

नाही नाही, असं परस्पर जाऊ नका! एंटर अँड व्ह्यू म्हणतात त्याला, आणि तो अधिकार हेल्थवॉचला आहे, तुम्हाला व्यक्तिशः नाही. ट्रेनिंग घेतलेली, डीबीएस (म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची) तपासणी झालेली माणसंच जातात आणि त्यांची नावं जाहीर केलेली असतात. बोर्डावर असलात तरी ट्रेनिंग नसेल तर तुम्ही आत जाणाऱ्यांपैकी नाही. सांगून जातात, कधी न सांगताही जाता येतं, पण त्याला कारण लागतं आणि ते कारण लिहून ठेवावं लागतं. कोणाच्या स्वतःच्या घरी जाता येत नाही, होममध्येसुद्धा माणसाची खोली ही त्याची खोली, त्याने बोलावलं तरच आत. मुलांच्या सोशल केअरच्या जागा, म्हणजे मुलांची होम वगैरे, यात येत नाहीत.

आणि आपण इन्स्पेक्टर नाही, ते काम सीक्यूसीचं, म्हणजे हॉस्पिटलं, केअर होम तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं. औषधांची कपाटं उघडायची नाहीत, फाइली चाळायच्या नाहीत. आपण बसायचं, बोलायचं, बघायचं, बेल वाजली तर किती वेळाने कोणी येतं, जेवताना कोणी घाई करतं का, टीव्ही कोणाच्या आवडीचा लागलाय. मला एका आजींनी हात धरून हळूच सांगितलं होतं, कोणाला सांगू नकोस हं, आणि मग रात्रीच्या एका बाईंबद्दल सांगितलं. अशा वेळी ‘नाही सांगणार’ असं कबूल करायचं नाही. मी त्यांना म्हटलं, मला हे एका माणसाला सांगावंच लागेल, तुमच्यासाठीच. आजी रुसल्या. पण ते त्याच दुपारी सेफगार्डिंगला, म्हणजे कौन्सिलमध्ये अशा त्रासाची दखल घेणाऱ्यांना, कळवलं, रिपोर्ट लिहीपर्यंत थांबले नाही. तुम्ही जे ऐकलंय तेही आजच मॅनेजरला कळवा, मीटिंगची वाट बघू नका.

प्रश्न: आम्ही कार्डिफला असतो. आमच्याकडे हेल्थवॉच दिसत नाही?

नसणारच, ते फक्त इंग्लंडात. वेल्समध्ये १ एप्रिल २०२३पासून ल्लाइस नावाची संस्था आहे, तिथल्या भाषेत त्याचा अर्थच आवाज. व्हॉलंटियर तिलाही लागतात, विचारून बघा.

प्रश्न: सरकार हेल्थवॉच बंद करणार म्हणतंय ना? मग आता बोर्डावर जाऊन काय उपयोग, बुडत्या जहाजावर?

जुलै २०२५मध्ये सरकारने जाहीर केलं, बरोबर. सरकारने करून घेतलेल्या डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालात शिफारस होती, आणि दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ती घेतली: हेल्थवॉच इंग्लंडचं काम आरोग्य खात्याकडे, स्थानिक हेल्थवॉचचं आरोग्याचं काम आयसीबींकडे, म्हणजे आपल्या भागाचा एनएचएसचा पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे, आणि सोशल केअरचं कौन्सिलकडे. म्हणजे जे सेवा ठरवतात आणि विकत घेतात त्यांनीच त्या सेवेबद्दलच्या तक्रारी ऐकायच्या. मला हे पटलेलं नाही, आणि चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या असं मी म्हणणार नाही कारण तिथेही चांगली माणसं आहेत, पण वर कौन्सिलच्या अधिकाऱ्याचा आलेला तो फोन आठवा. आता फोनही करावा लागणार नाही, टेबल एकच.

पण हे कायद्याने उभं राहिलेलं आहे, ते मोडायलाही पार्लमेंटचा कायदाच लागतो, आणि तो होईपर्यंत हेल्थवॉचचं काम आणि बोर्डाची जबाबदारी तशीच्या तशी चालू. आणि हे काही पहिल्यांदा होत नाहीये. १९७४ला कम्युनिटी हेल्थ कौन्सिलं आली, इंग्लंडमध्ये ती २००३ला मोडली, मग पेशंट फोरम, ती २००८ला गेली, मग लिंक, ती २०१३ला गेली, मग हेल्थवॉच. प्रत्येक वेळी नाव बदललं, पाटी बदलली, आणि जुन्या लोकांना जे माहीत होतं ते बरंचसं वाऱ्यावर गेलं. आमच्याकडे लिंकच्या वेळचं एक खोकं होतं, आत त्याच केअर होमबद्दलच्या, त्याच जेवणाच्या तक्रारी, कोणी उघडून बघितलंच नव्हतं.

म्हणून आत्ता बोर्डावर जाणाऱ्याला उलट जास्त काम आहे. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी पुढे कोणाकडे जाणार? त्यांनी ज्यासाठी परवानगी दिली होती त्यातच ते बसतं का, की नावं काढूनच द्यायचं? ती वही, शिफारशींची, ती कोणाला सोपवायची आणि पोचल्याची सही कोण देणार? स्टाफला खरं काय ते वेळेवर सांगितलंय का, की ते बातमीतून कळणार? रिझर्व्ह पुरतील का? आणि नवीन रचना ठरत असताना कौन्सिलला आणि खासदाराला लिहायचं की यात बिनपगारी, बाहेरची, प्रश्न विचारणारी माणसं कुठे बसणार आहेत ते दाखवा. पक्षाचा प्रचार करता येत नाही, पण हे विचारणं म्हणजे प्रचार नाही.

जायचं ठरवलंत तर आधी मागच्या वर्षाचा वार्षिक अहवाल मागा, तो दर वर्षी ३० जूनपर्यंत निघायलाच हवा, आणि शेवटच्या चार मीटिंगचे मिनिट्स. त्यात कुठेही कोणी नाही म्हटलेलं दिसलं नाही, सगळं एकमताने पास, तर पहिली नाही म्हणणारी व्यक्ती तुम्ही असणार, त्या तयारीने जा. चहा मात्र चांगला असतो बहुतेक ठिकाणी.

डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटवरची अकरा पत्रं शिल्लक आहेत, ती पुढच्या अंकात. नावं छापत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहा.